मापावरची पळी

दाजींनी बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली, फडक्यानं पुसून परत आत घातली आणि पुन्हा काढून उन्हाकडं धरली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे होतं. मी शेजारीच उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्याच्यावर गेलं.

आमच्या दारात दाजींची जीप त्या दिवशी पहिल्यांदा उभी होती. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, तीन वर्षांपूर्वी उत्तम पांगारेशी आपल्या मनानं लग्न केलं आणि तेव्हापासून आमच्या वडिलांनी, दादांनी, तिचं नाव घरात काढू दिलं नव्हतं. पोरगा जातीतला नाही हे एक, आणि भिलारला जीपमधून स्ट्रॉबेरीचे खोके आणि पाशिंजर ओढणारा डायवर हे दुसरं. दादांना दुसरं जास्त झोंबलं होतं. डायवराचा काय भरवसा, आज रस्त्यावर तर उद्या दरीत, असं ते म्हणायचे. जावई हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. कायम 'त्यो डायवर'.

मग आक्काला मुलगी झाली आणि आईनं हत्तीचं बळ आणलं. बारशाला जायचंच, नाही गेलात तर मी एकटी जाते आणि तिकडंच राहते, म्हणाली. दादा शेवटी तयार झाले, पण अट घालून. माणूस कसा आहे ते डोळ्यांनी बघतो. मन भरलं तर पोरीला आणि नातीला माहेरपणाला घेऊन येतो. नाही भरलं तर पुन्हा त्या घराचं नाव काढायचं नाही, आणि तिथं पाण्याचा थेंबही घेणार नाही. आमच्या दादांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यामुळं दाजी आम्हाला न्यायला आले त्या दिवशी आई सकाळपासून देवापुढं काहीबाही पुटपुटत होती आणि मीही देवाला हात जोडून आलो होतो. आक्का मला आईच्या जागी होती हो. माझी शाळेतली पहिली पाटी तिनं पुसून दिलेली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. वाईत मेहबूबभाईंच्या गॅरेजात कामाला. आमच्याकडं यायचे ते सगळे जुने ट्रॅक्टर आणि म्हाताऱ्या जीपा. तेल पिणारी, धूर ओकणारी, कितीही हाल केले तरी चालणारी इंजिनं. दाजींची जीप मात्र नव्या धर्तीची. अडीच लिटरचं टर्बो डिझेल. टर्बो हा शब्द मी ऐकला होता, हात कधी लावला नव्हता. ते बॉनेट उघडून बघत होते तेव्हा मी विचारलं आणि त्यांनी कौतुकानं सांगितलं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक बारकी चक्री फिरते आणि ती चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. तेवढ्याच इंजिनाला दीडपट जोर येतो. चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते.

"एवढ्या वेगाला बेअरिंग टिकतं कसं?" मी विचारलं.

"टेकतच न्हाई ती कशाला, पाव्हणं. तेलावर तरंगती. तेल हाय तर ती हाय." मग म्हणाले, म्हणून तर घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नसते, मिनिटभर तशीच चालू ठेवायची. पळवून आणलेलं घोडं कुणी लगेच दावणीला बांधतं का?

एवढ्यात दादा दारात आले. दाजी चटकन सरळ उभे राहिले, डोक्यावरची टोपी नीट केली. दादा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "च्या घ्याचा असला तर आत या म्हणावं."

'म्हणावं'! बोलले माझ्याकडं बघून, पण आत या म्हणाले. आईनं तर पदरच डोळ्याला लावला. दाजी पाय धुऊन आत गेले आणि मी बाहेर उरलो, उघड्या बॉनेटसमोर, आनंदानं पार येडा झालेला.

आता आमच्या घराची एक रीत सांगितली पाहिजे. आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा तेलाचा घाणा. करडी, शेंगदाणा, तीळ. दादा गिऱ्हाइकाला माप काठोकाठ भरून द्यायचे आणि मग पिंपात पळी बुडवून मापावर आणखी एक पळी घालायचे. कुणीही असो, उधारीचा असो की रोखीचा, मापावर पळी चुकायची नाही. मी लहानपणी एकदा विसरलो तर कानफटात बसली होती. "माप सरकारचं, पळी आपल्या घराची," म्हणायचे. आमच्या हातून तेल गेलं आणि वर पळी गेली नाही, असं झालंच नाही कधी. गॅरेजातही मी तसंच करायचो. ट्रॅक्टरला तेल बदललं की खुणेच्या वर थोडं जास्त. मेहबूबभाई हसायचे, तेल्याचं पोर आहेस बाबा, म्हणायचे. त्या जुन्या धुडांचं त्यानं काही बिघडत नसे, उलट ती ते पिऊन मोकळी व्हायची.

माझ्याकडं घरी इंजिनतेलाचा एक डबा होता, चांगल्या प्रतीचा, निम्मा भरलेला. पहिल्यांदाच दारात आलेली गाडी, माझ्या बहिणीच्या घरची, तिची चक्री तेलावर तरंगणारी, आणि आज दादा 'आत या' म्हणालेले. मी झाकण उघडलं आणि ओतलं. एक पळी नाही, डबा उपडा केला. मन भरेपर्यंत ओतलं म्हणा. वर झाकण घट्ट लावून हातसुद्धा जोडले.

साडेनवाला निघालो. पुढं दाजी आणि मी, मागं आई आणि दादा. पुढं बसा म्हणून दाजींनी दार उघडून धरलं होतं, पण दादा सरळ मागं जाऊन बसले, वहाणा काढून खाली ठेवल्या आणि मांडी घातली. आईच्या मांडीवर कुंची, झबली, दुपटी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. वाई सोडली, पसरणी घाट लागला. दाजी गाडी अशी चालवत होते की लाडूला तडा जाऊ नये. वळणावर हॉर्न, समोरून एसटी आली की थांबून वाट द्यायची. मी आरशातून दादांकडं बघत होतो. चेहरा दगडाचाच, पण अर्ध्या घाटात त्यांनी आईला विचारलं की, पोरगी कुणावर गेलीय म्हणत होतीस? आईनं सांगितलं, तुमच्यावर. दादा खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, जमलं आता.

त्याच्या पुढच्याच वळणावर जीपनं उसळी घेतली.

दाजींचा पाय पेडलवर नव्हता. मी बघितलं ना, पाय वर उचललेला होता. तरी इंजिनाचा आवाज चढत गेला, गाडी वळणाकडं झेपावली. दाजींनी किल्ली फिरवून बंद केली. काही फरक नाही. किल्ली काढून माझ्या मांडीवर टाकली. काही फरक नाही. मी जन्मात असं पाहिलं नव्हतं. किल्ली बाहेर आणि इंजिन आत किंचाळतंय. त्यांनी क्लच दाबला तसा आवाज अंगावर काटा येईल इतका वाढला. समोर वळण, वळणाला हातभर उंचीचा कठडा आणि पलीकडं थेट धोम धरणाचं पाणी दिसत होतं. आई अंबाबाईचा धावा करायला लागली.

दाजींनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं, ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिले आणि जीप दरडीला घासून थांबली. मग त्यांनी पाचवा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि क्लच सोडला. बंद पडावी म्हणून. पण क्लच घासून जुना झालेला, तो नुसताच सरकला, जळका वास सुटला आणि इंजिन ओरडतच राहिलं. मागं बघितलं तर रस्ता पांढऱ्यानिळ्या धुरात गडप.

"सगळी खाली उतरा. लांब जावा," दाजी म्हणाले. ओरडले नाहीत. "पाव्हणं, चाकामागं दगूड लावा."

मी दगड लावला. आई-दादा अनवाणीच उड्या टाकून दरडीकडं पळाले. दाजींनी बॉनेट उघडलं. त्या वेगात इंजिन फुटलं असतं तर समोरच्या माणसाची छाती फोडून तुकडे गेले असते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना माहीत होतं. त्यांनी हवेच्या फिल्टरची डबी उघडली, फिल्टर उपसून फेकला. आता टर्बोकडं जाणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडलं आणि ते सोसाट्यानं हवा ओढत होतं. मी आईच्या हातातली दुपटी हिसकावून पुढं धावलो. दाजींनी मला कोपरानं ढकललं. कापड आत ओढलं जाईल, म्हणाले. इकडंतिकडं बघितलं, मागच्या सीटखाली हात घातला आणि जे हाताला लागलं ते घेऊन नळीच्या तोंडावर दाबलं.

दादांची वहाण होती ती. टायरच्या तळाची, जाडजूड.

नळीनं वहाण अशी धरली की दाजींचा हातही तिच्याबरोबर खेचला गेला. इंजिन एकदा घुसमटलं, दुसऱ्यांदा खोकलं, सगळी जीप गदागदा हलली आणि थांबली. घाटात एवढी शांतता पसरली की खालच्या गावातला कोंबडा ऐकू आला. दाजी तिथंच खाली बसले. त्यांचा उजवा तळवा सुजून काळानिळा झाला होता.

सगळ्यांत आधी बोलले ते दादा. दरडीपाशी उभं राहून, आवाज न चढवता बोलले, आणि ते जास्त लागलं. मी म्हणत होतो, म्हणाले. तीन वर्षं हेच म्हणत होतो. ज्याला स्वतःची गाडी सांभाळता येत नाही त्याच्या हातात माझी पोरगी आणि आता एवढंसं लेकरू. आज आपण चौघं गेलो असतो.

दाजी उठले. डाव्या हातानं तेलाची पट्टी ओढली. मी वाकून बघितलं. खालची खूण बुडालेली, वरची खूण बुडालेली आणि त्याच्याही वर चार बोटं तेल. मला सगळं एकदम कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. तेल जास्त झालं, आतल्या दांड्यानं ते घुसळलं, उसळून हवेच्या वाटेनं इंजिनात गेलं आणि इंजिन डिझेल सोडून तेलावर चालायला लागलं. म्हणून किल्ली काढून उपयोग झाला नाही. मी ओतलेलं तेलच ते जाळत होतं.

दाजींनी पट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी खिशातून फडकं काढलं, पट्टी पुसून स्वच्छ केली आणि परत जागेवर घातली.

"चूक माझी हाय, मामा," ते दादांना म्हणाले. "सकाळी तेल बघायचं राहिलं."

राहिलं? माझ्या देखत बघितलं होतं, उन्हाकडं धरून बघितलं होतं. आणि मी काय केलं? मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, गप्प बसलो. दादांचं हे असं. घरात तेलाच्या थेंबावरून चूक झाली तर कान फुटायचा, इथं तर चार जीव जाता जाता वाचलेले. वर मेहबूबभाईंना कळलं तर मला हातात पाना कोण धरू देणार? एवढा सगळा हिशेब माणसाचं मन दोन क्षणांत करतं.

वरून एसटी येताना दिसली, वाईला जाणारी. दादांनी हात केला. आईला म्हणाले, चल. आई म्हणाली, अहो पाळणा, पोर वाट बघत आसंल. दादा म्हणाले, त्या घराचं नाव संपलं. आईनं कुंची छातीशी धरली आणि मुकाट्यानं चालायला लागली. दाजी बॉनेटला टेकून उभे होते, सुजलेला हात दुसऱ्या हातात धरून. मामा, एवढं एकडाव, एवढंच म्हणाले आणि थांबले. दादांनी मागं वळून बघितलं नाही. वहाणासुद्धा मागितल्या नाहीत, तसेच अनवाणी निघाले.

एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, आई चढली. दादांचा एक पाय पायरीवर होता. "भालू, चढ," म्हणाले.

मी दाराचा दांडा धरला. चढायचं होतं मला, देवाशप्पथ चढायचं होतं. आत आई सीटवर बसून कुंचीच्या नाड्या बोटाला गुंडाळत होती. ते बघितलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "तेल मी ओतलं."

दादांनी मान वळवली. "कसलं तेल?"

"इंजिनात. दाजींनी सकाळी बघितलं हुतं. बराबर हुतं. त्ये च्या प्यायला आत आल्यावर म्या वतलं. मापावर."

मापावर म्हटलं आणि दादा पायरीवर जागच्या जागी थांबले. कंडक्टर चला चला करायला लागला. दादांनी त्याच्याकडं हात करून त्याला गप्प केलं.

"किती?"

"निम्मा डबा. दीड-दोन लिटर."

दादा खाली उतरले. मागोमाग आई. कंडक्टर काहीतरी करवादला आणि एसटी गेली. मी गाल पुढं करूनच उभा होतो, खरं सांगतो. पण दादा माझ्या शेजारून सरळ जीपकडं गेले आणि दाजींच्या पुढ्यात उभे राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"तू सकाळी बघितलं हुतंस?"

"व्हय, मामा."

"आन्‌ मगाशी ह्यानं वतलंय ह्ये बी कळलं हुतं?"

दाजींनी होकारार्थी मान हलवली.

"मग खोटं का बोललास?"

दाजींनी खाली बघत उत्तर दिलं. "माझ्यावरचं तुमचं मन आधीच उडालंय, मामा. त्यात आनी पोराचीबी भर कशाला?"

दादांनी पट्टी दाखव म्हणून सांगितलं. दाजींनी काढून दिली. दादांनी ती घाण्यावरच्या मापासारखी डोळ्याजवळ धरली, खुणा नखानं चाचपल्या, तेल दोन बोटांत चोळून बघितलं. ह्या दोन खुणांच्या मधेच का, विचारलं. दाजी म्हणाले, हो, वरच्या खुणेवर थेंब नाही चालत. दादा म्हणाले, लईच कोरड्या इमानाचं इंजिन आहे तुमचं. 'तुमचं' म्हणाले. मी ऐकलं आणि आईनंही ऐकलं.

मग ते माझ्याकडं वळले. "म्या पळी शिकिवली हुती. तू घागर उपडी केलीस."

"दादा, दिवसच तसा हुता," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं. चोवीस वर्षांचा घोडा मी, भर घाटात रडलो.

"म्हाईत हाय," दादा म्हणाले. मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

दाजींनी सांगितलं, गाडी आता चालू करायची नाही. नळ्यांतून तेल भरलंय, ते धुतल्याशिवाय पुन्हा तसंच होईल. तेवढ्यात रिकामे खोके घेऊन भिलारला निघालेला त्यांच्या ओळखीचा ट्रक आला. त्यानं साखळी लावली. ट्रकवाला म्हणाला, म्हाताऱ्या माणसांनी माझ्या केबिनमधे बसावं, बंद गाडीला ब्रेक जड लागतो, घाटात साखळी तुटली तर नसती आफत. आई आणि मी केबिनमधे चढलो. दादा जीपशी गेले, पुढचं दार उघडलं आणि दाजींच्या शेजारी बसले. दाजी नको नको म्हणत होते. दादांनी दार लावून घेतलं.

सबंध घाट मी केबिनच्या मागच्या जाळीतून बघत होतो. साखळी ताणायची, ढिली पडायची, परत ताणायची. काचेआड दाजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, आणि दादा शेजारी ताठ. मधे एकदा त्यांनी कमरेची तेलाची बाटली काढली, सांधे दुखतात म्हणून ते तिळाचं तेल जवळ ठेवायचे. सपाटीला ट्रक थांबला तेव्हा ते दाजींचा सुजलेला तळवा आपल्या मांडीवर घेऊन चोळत होते.

भिलारला पोचायला दुपार झाली. बायका जमलेल्या, पाळणा सजवलेला. आक्का दारात तांब्या घेऊन उभी होती. तीन वर्षांनी तिला बाप दिसत होता. ती नुसती वाकली आणि त्यांच्या पायावर पाणी घालायला लागली. तेव्हा तिला दिसलं की एका पायात वहाण आहे आणि दुसरा पाय मोकळा. दुसरी वहाण दादांच्या हातात होती, तेलानं काळी झालेली, तळाला नळीच्या तोंडाचा गोल शिक्का उठलेली.

"दादा, ही अशी कशी झाली?" तिनं विचारलं.

दादांनी मागं बघितलं. दाजी साखळी सोडवत होते.

"जावईबापूंनी इंजिनाला घातली," दादा म्हणाले. "आन्‌ पायावर किती वतशील? प्यायला आन थोडं."

आक्का तशीच वाकून राहिली. तांब्या रिकामा झाला होता तरी ती ओततच होती.